दहा मिनिटांचा ब्लॉक

माझा एक मित्र तीस वर्षं काठी घेऊन चालला, तो माझ्यामुळे. त्याच्या घरात मात्र असंच समजतात की तो स्वतःच्या हट्टापायी लंगडा झाला आणि मी त्याला अडवण्याचा खूप प्रयत्न केला होता. ही समजूत मीच करून दिलेली आहे. मित्र गेल्या वर्षी वारला. मी आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. आठवतंय तोवर, घडलं ते तसंच्या तसं लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली लखनौला झाली. मी रेल्वेत सहायक अभियंता होतो. रूळ, लहानमोठे पूल, रुळांखालची खडी हे माझं खातं. बायको सांगलीला शाळेत शिकवत होती, दोन्ही मुलं हायस्कुलात होती. त्यांना उपटून एवढ्या लांब आणण्यात अर्थ नव्हता. मी अलीगंजमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. घरमालक भला माणूस होता, जिन्यात भेटला की नमस्कार करायचा आणि खाली जायचा. काही सुट्ट्या अशा जात की सकाळी दूधवाल्या भैयाला "आधा लिटर" म्हटल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा "आधा लिटर" म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसे.

माझं सगळं काम धोका टाळण्याचं होतं. वळण आहे, वेग कमी ठेवा. पूल जुना आहे, सावकाश जा. अशा सूचना मी दिवसभर लिहीत असे. आणि मला स्वतःला धोक्याची ओढ होती. मी मूळचा साताऱ्याकडचा. तरुणपणी आमच्याकडच्या कड्यांवर दोराशिवाय चढलो होतो. पाय कुठे ठेवावा कळत नाही, खाली बघवत नाही, अशा जागी अंगात जे जागं होतं ते मला नंतर कुठेच मिळालं नाही. लग्न, नोकरी, मुलं यांत ते मागे पडलं होतं. लखनौत एकटा राहायला लागल्यावर ते परत आलं. भीती वाटत असली की सोबत असल्यासारखं वाटायचं. इथे तर सगळा मुलूख ताटासारखा सपाट. सगळ्यांत उंच चढण म्हणजे रेल्वेवरचा ओव्हरब्रिज.

मित्र माझ्याच हाताखाली इन्स्पेक्टर होता. वर्ध्याकडचा, माझ्याहून सात वर्षांनी लहान. रोज सात-आठ किलोमीटर रुळाच्या कडेने चालणारा, काटक, हसरा. इंदिरा नगरला राहायचा. बायको आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. मी एकटा आहे म्हटल्यावर त्याने मला एका रविवारी जेवायला नेलं. वहिनींनी गोळाभात केला होता, वर कढत तेलाची फोडणी. मी तीनदा भात घेतला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता दर रविवारी यायचं. हॉटेलात खाऊन किती वाळून राहिले तुम्ही!" तेव्हापासून दर रविवारी मी स्कूटर काढून कुकरैल नाल्याचा पूल ओलांडत असे. आठवड्यातून एकदा मराठी ऐकायचं, मराठी बोलायचं. मुलगी मराठी सगळं समजायची, पण बोलायची हिंदीतच. "काका, आप फिर से वही शर्ट पहनकर आए हैं," असं तोंडावर सांगायची.

डोंगराचं खूळ त्याच्या डोक्यात मीच भरलं. लखनौहून काठगोदामची गाडी पकडली की कुमाऊं एका झोपेच्या अंतरावर. पहिल्या वर्षी सोपी वाट केली. दुसऱ्या वर्षी मी एक खिंड शोधून काढली. उंच, कमी वापरातली. आम्ही तयारीला लागलो. पाठीवरच्या पिशवीत खडी भरून तो रुळाच्या कडेने चालायचा आणि रुळावर काम करणारे गँगमन त्याला विचारायचे, "साहब, पत्थर चोरी कर रहे हैं क्या?" मी यार्डातल्या पाण्याच्या टाकीची शिडी रोज दहा वेळा चढायचो.

वहिनींना हे पसंत नव्हतं. त्यांनी एका रविवारी जेवताना अट घातली. "दोघांपैकी एकाने जरी परत म्हटलं तरी परत. अन् तिथे साहेब कोणी नाही. कबूल?" आम्ही दोघांनी कबूल केलं. मित्र म्हणाला, "डोंगरात मी ह्यांना अरेतुरे करणार." वहिनी म्हणाल्या, "करा ना, भाऊजींना कोण आहे इथे अरे म्हणायला!" त्या हसत म्हणाल्या होत्या, पण मला ते लागलं आणि आवडलंही. पहिल्या मुक्कामापासून तो मला "तू" म्हणू लागला. ऑफिसात "सर", डोंगरात "तू".

चौथ्या दिवशी आम्ही एका नाळेशी पोहोचलो. दोन कड्यांमधून उतरलेली बर्फाची घसरगुंडी, साठेक पावलं रुंद. ती आडवी ओलांडली की खिंडीची वाट सोपी होती. आमच्यासोबत शेवटच्या गावातला एक वाटाड्या होता. त्याने आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं की ही नाळ सकाळी आठच्या आत ओलांडायची. नंतर ऊन लागतं, वरचं बर्फ सुटतं आणि त्यात अडकलेले दगड खाली येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. उशीर माझ्यामुळे झाला होता. सकाळी मी फोटो काढत बसलो होतो.

वाटाड्याने पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. "साहब, अब पत्थर का टाइम है. कल सुबह चलेंगे."

"बरोबर आहे," मित्र म्हणाला. "परत फिरू. खाली तंबू टाकू, उद्या पहाटे येऊ."

"उद्या जमणार नाही. सोमवारी हजर व्हायचंय, इन्स्पेक्शन आहे."

"मग तार करू. पोट बिघडलं म्हणू."

"तुझं आत्ताच बिघडलेलं दिसतंय," मी म्हटलं. वाटाड्याला मराठी कळत नव्हती, पण माझ्या आवाजावरून तो हसला. मित्र हसला नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. सोमवारचं इन्स्पेक्शन पुढे ढकललं गेलं होतं. लखनौ सोडण्याआधीच मला ते कळलं होतं आणि मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण परतीची घाई हे डोंगरात चांगलं हत्यार असतं. मला ती नाळ त्याच वेळी, दगड पडत असतानाच ओलांडायची होती. एवढंच कारण होतं.

मी एका खडकावर बसलो आणि हातातलं घड्याळ बघू लागलो. दगड येत होते हे खरं. आधी वर टणत्कार ऐकू यायचा, मग काळा ठिपका उड्या मारत खाली जायचा. पहिल्या आणि दुसऱ्यात बारा मिनिटं गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्यात अकरा. तिसऱ्या आणि चौथ्यात तेरा. आयुष्यभर वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. मी उठून म्हटलं, "दहा मिनिटांचा ब्लॉक आहे."

रुळांवर काम करायचं असलं की ठरलेल्या वेळापुरती गाड्यांची ये-जा बंद करून घेतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या वेळात रूळ आपले. ब्लॉक घेणारा आपल्या सहीने घेतो, आणि आत उतरलेल्या प्रत्येक माणसाची जबाबदारी त्याची असते. माझ्या मित्राने शेकडो वेळा माझ्या शब्दावर रुळात माणसं उतरवली होती. स्वतः उतरला होता. आम्ही दोघंही हे विसरलो की वर कोणी स्टेशन मास्तर बसलेला नाही.

की तो विसरला नव्हता? कारण तो पुन्हा म्हणाला, "परत. हिची अट आठव. मी दुसऱ्यांदा म्हणतोय."

तेव्हा मी ऑफिसातला आवाज काढला. तो आवाज मला आजही ऐकू येतो, कारण तो चढा नव्हता. शांत होता. मी म्हटलं, "ब्लॉक मी घेतोय. जबाबदारी माझी. पाचवा दगड गेला की निघायचं."

त्याने पिशवीचे पट्टे आवळले. मग म्हणाला, "बरं, सर."

चार दिवसांत पहिल्यांदाच तो मला सर म्हणाला होता. त्याच क्षणी मला थांबता आलं असतं.

पाचवा दगड गेला. वाटाड्या कुरकुरत निघाला, कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या पाडत पलीकडे गेला. मग मी गेलो. त्या तीन मिनिटांत मला जे वाटलं त्यासाठी मी तिथवर गेलो होतो, आणि ते मला मिळालं. पलीकडे पोहोचून मी हात हलवला. तो निघाला. अर्ध्यावर आला असेल तेव्हा वर टणत्कार झाला. मी घड्याळ पाहिलं. नववं मिनिट चालू होतं. त्या वेळीही मी आधी घड्याळच पाहिलं.

दगड त्याला लागला नाही. चुकवायला त्याने उडी घेतली आणि तो घसरला. चाळीस-पन्नास फूट खाली कडेच्या खडकांत डावा पाय अडकून थांबला. पाय घोट्यापाशी उलटा वळला होता. तो ओरडला नाही. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा त्याने विचारलं, "तुला काही लागलं नाही ना?"

दोन बांबू आणि घोंगडी यांची डोली करून गावकऱ्यांनी त्याला तीन दिवसांत खाली आणलं. पुढे जीप, पुढे गाडी. लखनौच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत एवढे दिवस गेले होते की डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. पाय वाचला, घोटा कायमचा आखडला.

वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. मुलीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. त्यांनी मला पाणी विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. परत फिरा असं कोणी नाही म्हटलं? कोण म्हणे पुढे चला?"

मी म्हटलं, "वहिनी, तो ऐकेना."

ते आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेल्यावर मला परत घेता आलं असतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मुलगी बघत होती, आणि मी मान खाली घातली. ती मान त्यांनी दुःखाची समजली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेशी बसलो. म्हटलं, "मी काल वहिनींना—"

"माहिती आहे," तो म्हणाला. "राहू द्या, सर."

"मी सांगतो त्यांना. आज सांगतो."

"सांगितलं तर ती तुम्हाला दारात उभं करील काय? मग रविवारी तुम्ही जेवायला जाल कुठे?" तो हसत होता. औषधाच्या गुंगीत होता, पण शुद्धीत होता. आणि मीही हसलो. त्यानंतर तो मला कधीच "तू" म्हणाला नाही.

त्याला चालण्याच्या कामातून काढून टेबलावर बसवलं. दिवसभर तक्ते उतरवून काढायचे. काठी टेकत यायचा, कपाटाला काठी लावून ठेवायचा. गँगमन भेटायला आले की त्याचा चेहरा उजळायचा, ते गेले की तक्ते.

आणि मी सात वर्षं दर रविवारी त्याच्या घरी जेवलो. वहिनी माझ्या पानात भात वाढता वाढता त्याला बोलायच्या. "भाऊजींनी किती सांगितलं असंल. पण ह्यांना मर्दुमकी दाखवायची होती ना!" किंवा, "पोरीचा विचार तरी करायचा. ते काहून करतील? डोंगर म्हणजे माझी सवतच होती." तो चटणीची वाटी माझ्याकडे सरकवत असे. मी चटणी घेत असे.

अजून एक आहे, आणि ते लिहायला जास्त जड आहे. मी डोंगरात जाणं सोडलं नाही. वहिनी कौतुकाने सांगायच्या, "भाऊजींनी तर तेव्हापासून डोंगराचं नावच टाकलं." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. दौऱ्यावर आहे असं सांगून मी एकटाच जात राहिलो. आधीपेक्षा अवघड वाटा केल्या. प्रायश्चित्त वगैरे काही नव्हतं ते. मला मजा यायची. परत आल्यावर अलीगंजच्या खोलीत बूट पुसून पलंगाखाली ढकलायचो आणि कोणाला काही सांगता यायचं नाही. सांगण्यासारखा एकच माणूस होता आणि त्याच्यापुढे तो विषय काढणं शक्य नव्हतं.

दशक संपायला आलं तेव्हा मुलगी कॉलेजात होती, एनसीसीत होती. पर्वतारोहणाच्या कोर्ससाठी तिच्या तुकडीतून तिची निवड झाली. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर फॉर्म ठेवला. पालकांची सही हवी होती.

"एक लंगडा पुरे झाला या घरात," वहिनी म्हणाल्या. "बापाचं रक्त आहे. ऐकायचं नाही कोणाचं. ह्यांनी तरी कोणाचं ऐकलं?"

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, आप बताइए ना मम्मी को. आप भी तो गए थे. आपको तो कुछ नहीं हुआ."

मित्राने जेवण थांबवलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तुझ्या बापाने ऐकलं होतं. त्याने दोनदा परत म्हटलं होतं. तो सावध माणूस आहे, आणि तुझ्यात त्याचं रक्त असेल तर तू सुखरूप येशील. हे सगळं माझ्या डोक्यात तयार होतं.

मी म्हटलं, "आईचं ऐक, बेटा."

तिने फॉर्म उचलला, घडी घातली आणि आत गेली. त्या दिवशी मित्र मला सोडायला फाटकापर्यंत आला. स्कूटरला किक मारणार तेवढ्यात म्हणाला, "सर, आज तरी बोलायचं होतं." मी किक मारली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, मग निवृत्ती, मग सांगली. त्याची दिवाळीची पत्रं येत, नंतर फोन. पायाचा विषय कधी निघाला नाही. गेल्या वर्षी मुलीचा फोन आला की पापा गेले. तेव्हा माझी प्रवासाची तब्येत नव्हती. या वर्षी ऑक्टोबरात मी मुलांशी भांडून एकटा लखनौला गेलो.

इंदिरा नगरचं तेच घर. वहिनी बऱ्याच थकल्या आहेत. मुलगी आता पन्नाशीकडे झुकलेली, तिथेच एका शाळेत भूगोल शिकवते. चहा झाला आणि मी सांगायला सुरुवात केली. इन्स्पेक्शन, घड्याळ, ब्लॉक, त्याचं दोनदा परत म्हणणं, माझा आवाज, व्हरांड्यातलं खोटं. काही गाळलं नाही, असं मला वाटलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काय सांगून राहिले तुम्ही, भाऊजी? मेलेल्या माणसाचा दोष कशाला आपल्या डोक्यावर घेता? तुम्ही आधीपासून असेच. नेहमी त्यांना पाठीशी घातलं."

"वहिनी, मी शपथेवर सांगतो."

"मला माहीत नाही काय माझा नवरा? चहा घ्या अजून." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या चांगुलपणाचं. मी त्यांना तीस वर्षं एक गोष्ट पटवत आलो होतो आणि ती आता माझ्यानेही निघत नव्हती.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "पापा ने लौटने को कहा था?"

"हो."

"कितनी बार?"

"दोनदा."

मी निघालो तेव्हा ती फाटकाबाहेर माझ्यासोबत आली, ई-रिक्षा थांबवायला. म्हणाली, "काका, मुझे लिखकर दीजिए. सब. मैं मम्मी को पढ़कर सुनाऊँगी. एक बार में नहीं मानेंगी तो दो बार सुनाऊँगी. बस सादी मराठी लिखिएगा, भारी शब्द मुझे नहीं आते."

मी कबूल केलं. रस्त्यावर रिक्षा नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "उसके बाद आप फिर गए थे?"

हे मी आत वहिनींना सांगितलं नव्हतं. गाळलं होतं. मी म्हटलं, "हो. नऊ वेळा."

तिने मान हलवली, जशी वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आल्यावर हलवत असेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऊपर से कैसा दिखता है?"

मी सांगू लागलो. नऊ खिंडींबद्दल मी आजवर कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. वाट कशी वळते, शेवटची पन्नास पावलं कशी जातात, वर पाय ठेवल्यावर एकदम पलीकडे काय उघडतं. माझे हात हलायला लागले, आवाज मोठा झाला. मी हसत होतो. आणि ते तिला दिसलं.

"बस, काका," ती म्हणाली.

रिक्षा आली. तिने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, मला हाताला धरून बसवलं आणि आत निघून गेली. तिला हवं होतं ते सगळं लिहिलं आहे. वरून काय दिसतं ते लिहिलेलं नाही.